इशारा जागेवर हवा, वेळेवर हवा

रानात खुरपताना कुणी ओरडतं, "अगं, बघ बघ!" तेव्हा आपण काय करतो? ओरडणारीच्या तोंडाकडं बघतो. साप मात्र पायाशी असतो. तीच बाई "डाव्या पायाशी साप!" म्हणाली, तर पाय आपोआप मागं येतो. नुसता इशारा देऊन भागत नाही. त्यानं जागा दाखवावी लागते, तीही वेळेत.

मायकेल पोस्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास हे मोजून पाहिलं. माणसाला मध्यावर नजर ठेवायला सांगायचं. बाजूच्या एका चौकटीत उजेड चमकवायचा, मग एक खूण दाखवायची. खूण दिसताच बटण दाबायचं. खूण उजेडाच्याच बाजूला आली, तर बटण लवकर दाबलं जाई. दुसऱ्या बाजूला आली, तर उशीर होई. डोळे हलले नाहीत, तरी लक्ष उजेडाकडं गेलेलं असतं! पण ते तिथं थांबत नाही. सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा उलटला, की त्याच जागेवरची खूण उलट उशिरा ध्यानात येते.

आता आपल्या फलटणच्या रस्त्यावर या. गळीत हंगाम, रात्रीची वेळ, पुढं उसाची ट्रॉली. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढं जाते. ट्रॉली दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात ११ ते १७ मीटर संपलेले असतात.

म्हणून घरातून ट्रॉली निघताना तीन गोष्टी बघा. लाल रिफ्लेक्टर मागं दोन्ही कडांना हवेत. मधे एकच असला, तर ट्रॉलीची रुंदी कळत नाही. रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो, तेव्हा लोंबणारा ऊस बाजूला सारा, चिखल पुसा. ट्रॉली बंद पडली, तर चमकणारा त्रिकोण तिला चिकटून नको, चांगला पन्नास-साठ पावलं मागं ठेवा. आणि वळायचा दिवा वळण्याआधी लावा, वळल्यावर बंद करा. तो कायम लुकलुकत राहिला, तर मागच्याचा त्यावरचा विश्वास उडतो.

पुढच्या बैठकीनंतर अंधारात बॅटरी घेऊन गटातल्या एखादीच्या ट्रॉलीमागं उभ्या राहा. दोन्ही कडा चमकतात का, बघा. मागून येणारं माणूस कुणाच्या तरी घरचंच असतं, बायांनो.