गाण्याची नोकरी चाळीस वर्षांची!

अमेरिकेतल्या ‘ओल्डीज’ रेडिओ स्टेशनांचं एक बरं असतं. ऐकणारे म्हातारे होतात, स्टेशन होत नाही. दर दोन-चार वर्षांनी मागच्या दारानं थोडी गाणी गुपचूप बाहेर जातात आणि पुढच्या दारानं थोडी आत येतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आपलंच स्टेशन आहे. आणि एक दिवस कळतं, आपण शाळेत असताना लागणारी गाणी आता इथे लागतच नाहीत.

मुळात जुनं म्हणजे किती जुनं? १९५९ साली लॉस एंजेलिसचा रेडिओ निवेदक आर्ट लाबो यानं ‘ओल्डीज बट गुडीज’ नावाची एलपी बाजारात आणली. तिच्यातलं ‘अर्थ एंजल’ होतं १९५४चं आणि ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ १९५६चं. म्हणजे तीन ते पाच वर्षांपूर्वीचं गाणं ‘जुनं’! आपल्याकडे एवढ्या वयाची गाणी वरातीत नवीन म्हणून वाजतात. एलपी मात्र अशी चालली की बिलबोर्डच्या यादीतून तीन वर्षं हललीच नाही.

खरी मेख जाहिरातदारांच्या वहीत आहे. तिथे श्रोत्याचं वय २५ ते ५४ एवढंच मोजलं जातं. पंचावन्नाव्या वाढदिवसाचा केक कापला की तुम्ही हिशेबातून बाद. या वयानंतर माणूस टूथपेस्ट बदलत नाही, असा त्या धंद्यातला जुना समज आहे. घराचं कर्ज फिटलेलं, मुलं कमावती, खिशात पैसा, तरी रेडिओच्या लेखी शून्य किंमत. मला हा समज आजवर पटलेला नाही, पण गाण्यांचं नशीब ठरतं ते त्यावरच.

आता एक गंमत करून बघा. गाणं मनात घट्ट बसण्याचं वय धरा पंधरा. ऐकणारा बाद होतो पंचावन्नाला. म्हणजे गाण्याची नोकरी झाली चाळीस वर्षांची. एल्विस प्रेस्लीनं १९५६ साली धुमाकूळ घातला, त्याची निवृत्ती १९९६ला. बीटल्स १९६४ला अमेरिकेत उतरले, ते सुटले २००४ला. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चा धडाका १९८३चा, म्हणजे २०२३ला निरोप समारंभ. निर्वाणाचं ‘नेव्हरमाइंड’ १९९१चं, त्याला अजून २०३१पर्यंत मुदत आहे. हिशेब ढोबळ आहे, पण पंधरा हे वय मी उदार मनानं धरलंय. सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या अर्थतज्ज्ञानं २०१८ साली स्पॉटिफायची आकडेवारी चाळली, तेव्हा आवडनिवड ठरवणारं वय पुरुषांत साधारण चौदा आणि बायकांत तेरा निघालं.

बीटल्सची २००४ची तारीख लक्षात ठेवा. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम १९७२पासून जुन्या गाण्यांचं माहेरघर होतं. ३ जून २००५ला, आधी काहीही न सांगता, मालकांनी फ्रँक सिनात्राचं ‘समर विंड’ वाजवलं आणि दुकान बंद केलं. पुढचं गाणं काय? बीस्टी बॉइज! निवेदक नाहीत, आगापीछा नाही, ‘आम्हाला वाटेल ते वाजवू’ असं ब्रीद मिरवणारं ‘जॅक एफएम’ त्या जागी सुरू झालं. शहर खवळलं, खुद्द महापौर ब्लूमबर्ग यांचाही पारा चढला. ‘कझिन ब्रूसी’ या नावानं लाडका असलेला निवेदक ब्रूस मॉरो उपग्रह रेडिओवर निघून गेला. दोन वर्षं रेटून जॅकनं गाशा गुंडाळला आणि १२ जुलै २००७ला जुनं स्टेशन परत आलं. लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. पण नीट ऐकलं तर पन्नासचं दशक जवळपास गायब, सत्तर-ऐंशीच्या दशकांची गर्दी. ‘ओल्डीज’ हे बिरुदही गेलं, आता म्हणायचं ‘क्लासिक हिट्स’. पंचेचाळिशीतल्या माणसाला कोण म्हणणार की बाबा रे, तुझी गाणी म्हातारी झाली?

कुठलं गाणं ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे निवेदकाच्या आवडीवर सोडलेलं नसतं. त्याची चक्क परीक्षा होते. हॉटेलातला हॉल, नेमक्या वयाचे शंभरेक श्रोते, प्रत्येकाला पैशाचं पाकीट आणि हातात गुणपत्रिका. मग गाण्यांचे सात-दहा सेकंदांचे तुकडे एकामागून एक, काही शेकडा. प्रत्येकावर पटापट खूण करायची: फार आवडतं, बरं आहे, नावडतं, ऐकून ऐकून वीट आला, कधी ऐकलंच नाही. अंतरा कितीही देखणा असो, तो परीक्षेला बसतच नाही. त्यात वर येतात ती कुणालाच न खटकणारी गाणी. म्हणून तर दोन-तीन दशकांचा खजिना हाताशी असून असल्या स्टेशनवर जेमतेम चारपाचशे गाणी आलटून पालटून वाजतात. नापास गाण्याला लगेच नारळ मिळत नाही. आधी त्याची बदली होते रविवारच्या आडवेळेला, आणि तिथून ते अलगद नाहीसं होतं.

कधीकधी पडदा मुदतवाढ देतो. जर्नीचं ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’’ १९८१चं. २००७ साली ‘द सोप्रानोज’ या मालिकेच्या अगदी शेवटच्या प्रसंगात ते वाजलं आणि पुन्हा जिवंत झालं. केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५चं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे २०२२ साली ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्यांनी ते डोक्यावर घेतलं, त्यांतल्या कित्येकांचा १९८५ साली जन्मही झाला नव्हता.

हिशेबातून बाद झालेल्यांचीही कुणी सोय करतं बरं का. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २०२१ला ‘बूम रेडिओ’ सुरू झाला, तो खास महायुद्धानंतर जन्मलेल्या पिढीसाठी. मुहूर्त व्हॅलेंटाइन डेचा, हे विशेष!

आपल्याकडे हा चाळिशीचा नियम सरकारी रेडिओनं कधी मनावर घेतला नाही. विविध भारतीच्या ‘भूले बिसरे गीत’ला जाहिरातदाराच्या वयोगटाची धास्ती नव्हती. रेडिओ सिलोननं तर कहर केला. सकाळचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आठच्या आत संपायचा तो सैगलच्या गाण्यानं, हा शिरस्ता वर्षानुवर्षं टिकला. सैगल १९४७ सालीच गेला होता. हॉटेलातल्या त्या परीक्षेत तो कधीच नापास झाला असता.

खासगी एफएमवर मात्र नियम हळूहळू लागू होतोय. तिथे ‘रेट्रो’ म्हटलं की कुमार सानू आणि अलका याज्ञिक. ‘कयामत से कयामत तक’ १९८८चा आणि ‘आशिकी’ १९९०चा. तेव्हा ‘आशिकी’ची कॅसेट झिजेस्तोवर ऐकलेल्यांनो, २०३०पर्यंत मजा करून घ्या!