टेंगळाकडे नको, बाळाकडे बघा

नुकतं चालायला लागलेलं मूल दिवाणाच्या कडेवर आपटतं, क्षणभर श्वास कोंडतं आणि मग घर डोक्यावर घेतं. बघता बघता कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ येतं आणि सगळ्यांचा धीर सुटतो तो त्या टेंगळामुळे. खरं तर डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात आणि खाली लगेच हाड, म्हणून जरासं रक्त साकळलं तरी सूज टरारून वर येते. आत मेंदूला इजा झाली आहे का, हे मुलाच्या वागण्यावरून जास्त कळतं. उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूला गंभीर इजा झालेली मुलं शंभरात एकाहून कमी निघाली. मेंदूची शस्त्रक्रिया लागली ती ६० जणांना. त्यात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याच्या ज्या खुणा ठरल्या, त्यांत ‘मूल नेहमीसारखं वागत नाही’ हे आईवडिलांचं म्हणणंही आहे. घरच्यांची नजर ही वैद्यकीय तपासणीचाच भाग आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘टेंगूळ बाहेर आलं, आता भीती नाही’ असं घरोघरी म्हणतात. कपाळापुरतं ते बहुधा चालून जातं. पण तान्ह्या-रांगत्या मुलाच्या कानावर, बाजूला किंवा मागे मऊ सूज आली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तीन फुटांहून उंचावरून पडणं, काही सेकंद का होईना शुद्ध हरपणं, पुन्हापुन्हा उलट्या, आकडी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही असेल तर घरी थांबू नये. मग सरळ सीटी स्कॅन करून शंका फेडावी, असं कुणी म्हणेल. पण त्यातल्या किरणोत्सर्गाने पुढे कर्करोगाचा धोका, थोडा का होईना, वाढतो आणि अभ्यासातली एकही खूण नसलेल्या लहानग्यात गंभीर इजेची शक्यता पाच हजारांत एकाहून कमी असते.

‘झोपू देऊ नका’ हा सल्लाही सरसकट पाळायचं कारण नाही. रडून दमलेलं मूल आपल्या वेळेला झोपणारच; फक्त ते नेहमीसारखं जागं होतंय ना, हे बघावं. टेंगूळ चोळू नये, गार पाण्याची घडी हलक्या हाताने ठेवावी. दोन दिवस लक्ष असू द्या आणि मूल सुस्त, न उठणारं वाटलं, तर १०८ला फोन करायला जराही संकोच करू नका.