पांढऱ्या साडीतली बाई

पावसाळ्यातल्या रात्री लोट्याहून परशुराम घाट उतरून चिपळूणला निघालं, की गाडीत कुणी ना कुणी विषय काढतंच. वळणावर पांढऱ्या साडीतली बाई उभी असते, गाडीला हात करते! कोकणातल्या प्रत्येक घाटाची अशी एक बाई असते.

म्हणून विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' हाती घेतली तेव्हा आधी हसूच आलं. रात्रीच्या सुनसान रस्त्याने लंडनकडे निघालेल्या चित्रकलेच्या मास्तरच्या खांद्यावर मागून हात पडतो. वळून पाहतो, तर नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतली बाई!

पण ही बाई भूत नव्हे. वेड्यांच्या इस्पितळातून पळून आलेली ती एक गरीब जीव. चेहरा मात्र लॉरा नावाच्या श्रीमंत मुलीसारखा. लॉराच्या वीस हजार पौंडांसाठी तिचा नवरा डाव रचतो. ही गरीब मुलगी मरते, तिला लॉराच्या नावाने पुरतात आणि जिवंत लॉराला तिच्या जागी इस्पितळात कोंडतात!

डिकन्सच्या साप्ताहिकात १८५९-६० साली ही कादंबरी क्रमशः आली आणि लोक वेडे झाले. तिच्या नावाची अत्तरं निघाली, टोप्या निघाल्या. पुढे कॉलिन्सने स्वतः तिचं नाटक केलं. मग मूकपट, बोलपट, दूरदर्शन मालिका आल्या. २००४ साली संगीत नाटकही झालं.

आपल्याकडे १९६४ साली राज खोसलांच्या 'वह कौन थी?'मध्ये साधना पांढऱ्या साडीत पावसात उभी राहिली. त्याच वर्षी राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. नायक आमच्या शेजारच्या चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर. खोसलांनी १९६६ साली त्याचाच 'मेरा साया' केला. बायकोचं क्रियाकर्म उरकलेल्या वकिलापुढे कोर्टात एक बाई उभी राहते आणि म्हणते, मीच तुमची बायको. मेलेली असते ती तिची बहीण! देवकुळ्यांनी कॉलिन्सवरून घेतलं, असं मी म्हणत नाही. पण दुखणं तेच. "मी मीच आहे" हे बाईने सिद्ध कसं करायचं?

आमच्या आत्याला विचारा. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, माहेरचं पुसलं. यजमान गेले आणि एका कचेरीत तिला सांगितलं, "या कागदावरची बाई तुम्ही कशावरून?" माहेरची दोन माणसं साक्षीला उभी राहिली तेव्हा कुठे काम झालं. परतताना ती एवढंच म्हणाली, "मी समोर उभी होते रे, तरी कागदातच शोधत होते."

लॉराला वाचवलं ते दोन तारखांनी. मृत्यूच्या दाखल्यावर २५ जुलै. ती घरून निघाली २६ला. मेलेली बाई दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघेल कशी? मग सगळ्या कुळांना जमवून तिची ओळख पटवली, थडग्यावरचं तिचं नाव खोडलं.

आता घाटातून जाताना त्या पांढऱ्या साडीचा विषय निघाला, की मी घाबरत नाही. वाटतं, बाई हात करते ती झपाटायला नव्हे. तिला फक्त कुणीतरी ओळखायला हवं असेल.