एइबार गावचा क्लब आणि पन्नास युरोंचा भाग

भाग घेतला म्हणजे मालकी आली, की मालकी नुसती प्रमाणपत्रावरच राहिली, हा प्रश्न साखर कारखान्याच्या सभासदाला नवा नाही. वार्षिक सभेत तो या ना त्या रूपाने उभा राहतोच. हाच प्रश्न तिकडे स्पेन देशात फुटबॉलच्या मैदानावर कसा उभा राहिला, त्याची हकिकत सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवावी म्हणून हा लेख. ज्यांना फुटबॉलची गोडी नाही त्यांनीही वाचावा. यात चेंडूइतकाच हिशेबही आहे.

स्पेनचा फुटबॉल म्हटला की रिअल माद्रिद आणि बार्सिलोना ही दोन नावे आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण ती झाली शिडीची सगळ्यात वरची पायरी. खाली पायऱ्या कितीतरी आहेत. वरच्या वर्गाला प्रिमेरा म्हणतात, त्यात वीस संघ. त्याखाली सेगुंदा, त्यात बावीस. त्याखालच्या तिसऱ्या पायरीचे नाव 'प्रिमेरा फेदेरासिओन', म्हणजे चक्क 'पहिली'! तिसरीला पहिली म्हणण्याची ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. तिच्यात चाळीस संघ, दोन गटांत वाटलेले. त्याच्याही खाली जिल्ह्याजिल्ह्याचे आणि गावोगावचे शेकडो क्लब. दर वर्षी वरच्या वर्गातले तळाचे संघ खाली येतात, खालचे वर चढतात. जागा कोणाच्या बापाची नाही.

आता वर चढायचे कसे ते बघा, कारण सगळी गंमत आणि सगळे दुःख तिथेच आहे. सेगुंदात ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत प्रत्येक संघ बेचाळीस सामने खेळतो. पहिले दोन संघ सरळ वर जातात. तिसऱ्या जागेसाठी मात्र तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा अशा चार संघांत बढतीचे सामने लावतात. त्याला प्ले-ऑफ म्हणतात. आजची ही पद्धत २०१०-११ च्या हंगामापासूनची. तिसऱ्याची गाठ सहाव्याशी, चौथ्याची पाचव्याशी. एक सामना याच्या घरी, एक त्याच्या घरी. जिंकणाऱ्या दोघांत पुन्हा तसेच दोन सामने. दोन्ही सामन्यांची बेरीज सारखी झाली तर जादा वेळ, आणि तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी नाहीत. वर्षभरात जो वरच्या क्रमांकावर राहिला तो पुढे. ही शेवटची अट आम्हाला फार आवडली. वर्षभर घाम गाळणाऱ्याला थोडे तरी माप झुकते मिळाले पाहिजे.

पण तेवढ्याने भागत नाही. २०२० साली जिरोना पाचवा होता आणि एल्चे सहावा. अंतिम फेरीचा पहिला सामना शून्य-शून्य. दुसरा जिरोनाच्या मैदानावर, तोही शून्य-शून्य. तसेच राहिले असते तर जादा वेळेनंतर जिरोना नुसत्या क्रमांकावर वर गेला असता. नव्वद मिनिटे संपून वरची सहा मिनिटे चालू असताना एल्चेच्या पेरे मिल्याने गोल केला. झाले! नऊ-दहा महिन्यांचे पीक एका हेलपाट्यात दुसऱ्याच्या खळ्यात गेले.

मूळ गोष्ट आहे ती एइबारची.

स्पेनच्या उत्तरेला बास्क मुलूख आहे. त्यातल्या गिपुस्कोआ प्रांतात, दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मध्ये चिंचोळी दरी, अशा जागी एइबार वसले आहे. वस्ती सुमारे सत्तावीस हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात एवढी माणसे सहज निघतील. गाव पिढ्यान्‌पिढ्या बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचे. म्हणून तिथल्या खेळाडूंना आजही 'आर्मेरोस', म्हणजे बंदूकवाले म्हणतात. बंदुकांचा धंदा बसल्यावर याच कारागिरांनी हातातले कसब सायकली आणि शिलाई मशिनांकडे वळवले. आल्फा नावाचा कारखाना तर १९२० साली कामगारांनी सहकारी तत्त्वावरच उभारला होता. ओर्बेआ ही नामांकित सायकलही मूळची इथलीच, आणि पुढे तिचा कारखानाही कामगारांच्या सहकारी संस्थेचा झाला. सहकारावर बोलणारे लोक ज्या मोंद्रागोनचे नाव हमखास घेतात, ते गावही इथून फार लांब नाही. तेव्हा सहकार हा शब्द या खोऱ्यात कोणाला फोड करून सांगावा लागत नाही.

गावचा क्लब १९४० चा. मैदानाचे नाव इपुरुआ. उतारावर बसलेले, बाजूला राहत्या इमारती, आणि त्यांच्या गॅलरीतून फुकटात सामना बघणारी मंडळी. २०१४ साली बसायला जागा पाच हजारांच्या थोडी वर होती. मोठ्या क्लबांतली तरुण पोरे इथे उसनी येत, वर्षभर चिखलात खेळून तयार होत आणि परत जात. पुढे जगज्जेते ठरलेले शाबी आलोन्सो आणि दाविद सिल्वा हे दोघेही उमेदवारीच्या काळात असेच एइबारकडे खेळून गेले.

२०१३ साली एइबार तिसऱ्या पायरीवरून बढतीचे सामने जिंकून सेगुंदात आला. दुसऱ्याच वर्षी, सेगुंदातल्या सगळ्यात कमी खर्चाच्या संघांपैकी एक असताना, तो थेट पहिला आला! मे २०१४ मध्ये प्रिमेरात जागा पक्की झाली. गाव रस्त्यावर आले. आणि तेवढ्यात कागद पुढे आला.

कागद काय होता? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पूर्वी स्पेनमधले क्लब सभासदांचे असत. वर्गणी भरा, सभासद व्हा, सभेत मत द्या. पण ऐंशीच्या दशकात बऱ्याच क्लबांनी बेफाम कर्जे केली. म्हणून १९९० मध्ये सरकारने कायदा केला, की व्यावसायिक वर्गांत खेळणाऱ्या क्लबांनी भागभांडवलाच्या कंपन्या व्हावे. ज्यांचे हिशेब ठीक होते असे चार क्लब तेवढे सुटले: रिअल माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक आणि पाम्प्लोनाचा ओसासुना. ते आजही सभासदांचे आहेत. बाकीच्यांत एक माणूस एक मत गेले आणि एक भाग एक मत आले. कर्जबाजारी मंडळींना शिस्त लावायला केलेला कायदा, पण त्याची कात्री सगळ्यांवर सारखी चालली. मोठे दोन क्लब मात्र बाहेरच राहिले.

पुढच्या नियमाप्रमाणे क्लबाचे भागभांडवल सेगुंदातल्या क्लबांच्या सरासरी खर्चाच्या पाव हिश्शाइतके तरी असले पाहिजे. एइबारचे होते ४,२२,२५३ युरो. कमी पडत होते १७,२४,२७२ युरो, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे चौदा कोटी रुपये. मुदत ६ ऑगस्ट २०१४. पैसे उभे राहिले नाहीत तर प्रिमेरा राहिलीच बाजूला, उलट तिसऱ्या पायरीवर ढकलणार. आणि लक्षात घ्या, या क्लबावर कर्ज नव्हते. अंथरूण पाहून पाय पसरणारा हा क्लब. त्यालाच सांगितले, की शेजाऱ्यांचा खर्च मोठा आहे, तेव्हा तुझे भांडवलही मोठे पाहिजे! देणे थकवून वरच्या वर्गात मिरवणारे क्लब त्याच सुमारास होते. त्यांचे काय, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड होते.

आता एइबारच्या लोकांनी काय केले, ते आपल्या सभासदांनी मुद्दाम बघावे. एखादा पैसेवाला आला असता आणि एका चेकमध्ये सगळे मिटवले असते. मागणारेही भेटले असते. संचालकांनी ते टाळले. त्यांनी पन्नास युरोंचा भाग काढला, म्हणजे साधारण चार हजार रुपये, आणि कोणीही एक लाख युरोंपेक्षा जास्त भाग घ्यायचे नाहीत अशी मर्यादा घातली. 'एइबारला वाचवा' अशा हाकेने मोहीम चालली. आलोन्सो, सिल्वा यांनी पाठिंबा दिला. गावातल्या दुकानदारांनी घेतले, निवृत्त कामगारांनी नातवंडांच्या नावाने घेतले, आणि ज्यांनी एइबार नकाशावरही पाहिले नव्हते अशा परदेशातल्या लोकांनीही घेतले. हजारो भागधारक झाले आणि मुदतीच्या आत रक्कम पुरी झाली.

२४ ऑगस्ट २०१४ रोजी इपुरुआवर प्रिमेराचा पहिला सामना झाला. समोर त्याच प्रांतातला थोरला भाऊ, सान सेबास्तियानचा रेआल सोसिएदाद. खावी लाराने फ्री किकवर गोल केला आणि एइबारने १-० असा सामना मारला.

पुढे सगळे गोडच झाले असे नाही. पहिल्याच वर्षी एइबार अठरावा आला, म्हणजे खाली जाणार होता. पण तेराव्या क्रमांकाच्या एल्चेला देणी थकवल्याबद्दल खाली पाठवले आणि एइबार वाचला. वर्षापूर्वी ज्या हिशेबाच्या नावाने त्याला टांगले होते, त्याच हिशेबाने आता हात दिला. मग सलग सात हंगाम, २०२१ पर्यंत, हे सत्तावीस हजारांचे गाव रिअल माद्रिद आणि बार्सिलोनाला आपल्या घरी बोलावत राहिले. खोसे लुईस मेंदिलिबार नावाचा बास्क मुलखातलाच प्रशिक्षक त्यातली बहुतेक वर्षे संघाबरोबर होता.

२०२१ ला एइबार खाली आला आणि तिथून बढतीच्या सामन्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. २९ मे २०२२ चा दिवस बघा. शेवटचा सामना आल्कोर्कोनशी, जो आधीच खाली जाऊन बसला होता. जिंकले की थेट वर. नव्वद मिनिटे संपली तरी गोल नाही, आणि मग आल्कोर्कोननेच गोल केला. आल्मेरिया आणि वायादोलिद ८१ गुणांवर वर गेले, एइबार ८० वर तिसरा. मग प्ले-ऑफ. सहाव्या आलेल्या जिरोनाला त्यांच्या घरी १-० हरवले, आणि आपल्या घरी जादा वेळेत ०-२ हरले. पुढच्या वर्षी आलावेसने बाहेर काढले, त्याच्या पुढच्या वर्षी ओविएदोने. तीन वर्षे ओळीने तोच घाव.

या ओविएदोची कथा एइबारच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. आस्तुरियास प्रांताच्या राजधानीतला हा जुना क्लब. २००१ साली प्रिमेरातून गेला, २००३ मध्ये एक पायरी हरल्याने आणि दुसरी देणी थकल्याने, अशा एका झटक्यात दोन पायऱ्या खाली गेला. २०१२ मध्ये बंद पडायची वेळ आली तेव्हा त्यांनीही भाग विकले, १०.७५ युरोंना एक. इथेच लहानाचे मोठे झालेले सांती काथोर्ला, खुआन माता, मिचू यांनी घेतले. रिअल माद्रिदने एक लाख युरोंचे घेतले. पण शेवटी मेक्सिकोच्या कार्लोस स्लिमच्या कंपनीने मोठी रक्कम घालून बहुमत घेतले, आणि २०२२ मध्ये ते पाचुका या दुसऱ्या मेक्सिकन गटाकडे गेले. क्लब वाचला, हे खरेच आहे. बुडत्याने काडी निवडायची नसते. पण हजारो लहान भागधारकांचे मत तेव्हापासून किती वजनाचे राहिले, हे कोणीही ओळखावे.

२१ जून २०२५ रोजी हाच ओविएदो बढतीच्या शेवटच्या सामन्यात मिरान्देसशी भिडला. मिरान्देस हा मिरांदा दे एब्रो या पस्तीस हजार वस्तीच्या गावचा. रेल्वेचे जंक्शन, लहानसे मैदान, आणि संघातले बरेचसे खेळाडू दुसऱ्यांकडून वर्षापुरते उसने आणलेले. क्लब कधीच प्रिमेरात खेळला नव्हता. पहिला सामना त्यांनी घरी १-० जिंकला होता. ओविएदोत जाऊन पुन्हा पहिला गोल त्यांचाच! मग चाळिशीतल्या काथोर्लाने पेनल्टीवर एक फेडला. हा मनुष्य २०२३ मध्ये लीगच्या किमान पगारावर घरी परतला होता. आणखी एक झाला, बेरीज सारखी झाली, आणि जादा वेळेत ओविएदोने तिसरा घातला. चोवीस वर्षांनी ओविएदो वर गेला. मिरान्देसची उसनी पोरे आपापल्या मालकांकडे परत गेली. दुसऱ्याचे बैल, दुसऱ्याचा नांगर. शेत आपले असून काय उपयोग?

वर जाण्याच्या घाईत बुडालेलेही आहेत. काताल्युनियातला रेउस २०१६ मध्ये सेगुंदात चढला आणि खेळाडूंचे पगार थकल्याने जानेवारी २०१९ मध्ये भर हंगामात स्पर्धेतून काढला गेला.

आणि एक सालामांका. तिथला १९२३ चा जुना क्लब २०१३ मध्ये कर्जाने विसर्जित झाला. त्याच वर्षी प्रेक्षकांनी उनिओनिस्तास नावाचा नवा क्लब काढला. तो सभासदांचा, एक माणूस एक मत. अगदी तळातल्या जिल्हा पातळीवरून सुरुवात केली, चढत चढत तिसरी पायरी गाठली. जानेवारी २०२० मध्ये चषकाच्या सामन्याला रिअल माद्रिद त्यांच्या मैदानावर आला आणि ३-१ ने जिंकून गेला. जानेवारी २०२४ मध्ये मात्र प्रिमेरातल्या व्हियारेआलला त्यांनी पेनल्टीवर घरी पाठवले. या क्लबापुढे बरीच वर्षे एक चमत्कारिक पेच होता: बढतीचे सामने जिंकून सेगुंदात गेलो तर १९९० च्या कायद्याने कंपनी व्हावे लागणार, म्हणजे जिंकलो की मत गेले. २०२२ च्या नव्या क्रीडा कायद्याने ती सक्ती काढून टाकली. आता ते वर चढले तरी सभेत हात वर करायला सभासदच बसलेले असतील.