वाळलेल्या झाडाची साक्ष



धान निघालं की बांधीतल्या ओलीवर गोरखमुंडी उगवते, जांभळट गुलाबी बोंडांची. धुऱ्याजवळ माका, वाटेवर कंबरमोडी आणि गाजरगवत. ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली. करडई, झेंडू आणि शेवंतीही त्यातलीच. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. म्हणून तर एका सूर्यफुलात एवढे दाणे भरतात.

अशी रानझाडं दाबून, वाळवून, जाड कागदावर लावून जपतात. त्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्याचं केंद्र 1955 साली सुरू झालं, तिथे असा मोठा संग्रह आहे. प्रत्येक कागदावर चिठ्ठी असते: झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, कोणी गोळा केलं.

वाळलेल्या काडीचं काय करायचं, असं वाटेल. पण खरं मोल चिठ्ठीचं आहे. "आमच्या लहानपणी गाजरगवत नव्हतं," असं आजी सांगते. शास्त्रज्ञांनी पुण्यात त्याची नोंद 1950 नंतरच्या दहा वर्षांत केली. जखमेवर जिचा पाला लावतो ती कंबरमोडीही मुळात अमेरिका खंडातली. गोरखमुंडी मात्र आपल्याच भागातली. उद्या तणनाशकानं ती बांधीतून गेली, तर इथे होती हे सांगणार कोण?

जुन्या चिठ्ठ्या वाचताना एक लक्षात ठेवा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला. त्याआधीचं अहेरी, सिरोंचाचं झाड चंद्रपूर किंवा चांदा जिल्ह्याच्या नावावर असतं. आणि जिथे गोळा करणारा पोहोचलाच नाही, त्या गावची नोंदच नसते. झाड नव्हतं, असा त्याचा अर्थ नाही.

ही नोंद आपला बचतगटही करू शकतो. झाडं भरपूर असतील तिथूनच एक छोटं झाड फुलासकट, मुळासकट घ्या. वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवा, वर पाट आणि दगड ठेवा. सुरुवातीला रोज कागद बदला, नाहीतर बुरशी येते. फुलाचा रंग त्याच दिवशी लिहा, वाळल्यावर तो उडतो. गाव, जवळचा नाला, तारीख लिहा. झाडाचं नाव गोंडी, माडिया, मराठी, जे घरात बोलता ते लिहा. गाजरगवताला उघडा हात लावू नका, अंगाला खाज सुटते.

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असायला हवी. आपले कागद तिथे दाखवा. औषधाची माहिती किती लिहायची, हे मात्र आधी ग्रामसभेत बसून ठरवा. ती माहिती गावाची आहे.

या हिवाळ्यात निदान गोरखमुंडीची एक चिठ्ठी तुमच्या गावाच्या नावानं लिहा.