सॉफ्टवेअरचा परवाना : खुला की विकाऊ?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातले अनेक प्रबंध भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ‘कृषिकोश’ या भांडारात वाचायला मिळतात. हे भांडार ज्या ‘डीस्पेस’ सॉफ्टवेअरवर चालते ते अमेरिकेतल्या एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली मुक्तस्रोत म्हणून जाहीर केले. त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते. परवान्याचे पैसे लागत नाहीत.

भारताचा १९५७चा प्रताधिकार कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. त्यामुळे कोड नुसता इंटरनेटवर टाकला म्हणून तो सर्वांचा होत नाही. निर्मात्याने परवाना दिला तरच इतरांना तो घेता येतो. एमआयटी, बीएसडी यांसारखे सैल परवाने तो कोड विकाऊ सॉफ्टवेअरमध्येही मिसळू देतात. जीपीएल मात्र अट घालतो : बदललेली आवृत्ती दुसऱ्याला दिली, तर तिचा कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.

या अटीचे मोल ग्रंथालयांच्या ‘कोहा’ प्रणालीत दिसते. १९९९मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली सन २०००च्या तारखा पेलणार नव्हती. कटिपो या छोट्या कंपनीने नवी प्रणाली लिहिली आणि ती जीपीएलखाली खुली केली. एका लहान ग्रंथालयावर देखभालीचा सगळा भार पडू नये, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. आज भारतातलीही कितीतरी ग्रंथालये कोहा वापरतात.

खुले म्हणजे बिनखर्चाचे, ही समजूत मात्र घातक आहे. सर्व्हर, बॅकअप, प्रशिक्षण आणि जाणकार माणूस यांना पैसे लागतातच. अंदाजपत्रकात त्यांची तरतूद नसेल, तर चांगली प्रणालीही वर्षभरात बंद पडते. टॅलीसारख्या व्यापारी सॉफ्टवेअरचे बळ इथेच आहे : पैसे घेणारी कंपनी आधाराची आणि करनियमांनुसार सुधारणांची जबाबदारी उचलते. मात्र कोड तिच्याच हाती राहतो, आणि ग्राहक तिच्यावर अवलंबून.

निर्मात्याचे गणित वेगळे. परभणीच्या मोंढ्यातल्या आडत्यांसाठी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणाला गिऱ्हाईक मोजकेच. त्याने कोड राखून परवाना विकला, तर त्यात गैर काही नाही. बसवून देणे, शिकवणे आणि दुरुस्ती यांवर पोट भरणार असेल, तर कोड खुला केल्यानेही त्याचे नुकसान होत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरने दोन्ही वाटा जोडल्या : जीपीएलखाली मोफत, आणि ज्याला ती अट नको त्याला विकत परवाना.

सार्वजनिक पैशाची बाब निराळी. केंद्र सरकारच्या २०१५च्या धोरणाने सरकारी खात्यांना मुक्तस्रोताला प्राधान्य द्यायला सांगितले, आणि ते योग्यच आहे. जनतेच्या पैशातून उभी राहिलेली माहिती एका कंपनीच्या कुलपात नसावी. शाळा, ग्रंथालय किंवा पतसंस्था कोणतेही सॉफ्टवेअर घेवो, करार संपल्यावर आपला सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे.