पाठांतर म्हणजे वाचन नव्हे

एका शाळेच्या तपासणीत दुसरीतील एका मुलाने संपूर्ण धडा खडाखडा म्हणून दाखविला. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले, तेव्हा तो गोंधळला आणि पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आला. त्यास धडा येत होता. वाचन येत नव्हते. नोकरीच्या आरंभी अशी कित्येक मुले मीही वरच्या वर्गात घातली, हे कबूल केले पाहिजे. अशी मुले पुढे गणिताचे उदाहरणही वाचू शकत नाहीत आणि दोष मात्र त्यांच्या बुद्धीस दिला जातो. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर समजपूर्वक वाचनाची अपेक्षा धरली आहे, ती याचकरिता.

यास्तव आरंभ संभाषणाने करावा. मूल घरची बोली बोलले, तर त्यास हसू नये. त्याचेच शब्द फळ्यावर लिहावेत. नंतर अक्षरे सुटी करून नवे शब्द जुळवावेत. ‘कमळ’ व ‘बदक’ यांतून ‘दम’, ‘बळ’, ‘कदम’ सहज निघतात. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ ही सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे घ्यावे व मग भेद दाखवावा. लेखनात नुसती नक्कल पुरेशी नाही. मुलाने स्वतः बोललेले एक वाक्य रोज पाटीवर लिहावे.

दर शनिवारी परिचित अक्षरांच्या, परंतु पुस्तकात नसलेल्या, पाच शब्दांच्या चिठ्ठ्या प्रत्येकापुढे ठेवाव्यात. जो अडेल, त्यास रागावू नये. सोमवारी त्यासच प्रथम जवळ बसवावे.